माजी सैनिकाला भेटायला जाताना

पहिल्यांदाच जातोयस म्हणून सांगते, "किती जणांना मारलंत?" हे चुकूनही विचारू नकोस. "कुठल्या तुकडीत होतात? सोबत कोण कोण होतं?" एवढं विचार आणि मग मुकाट्याने ऐक. मी भेटलेले एक आजोबा जुन्या फोटोतल्या एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नावं सांगत होते. एका चेहऱ्यापाशी बोट थांबलं ते थांबलंच. मी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने त्यांनीच पान उलटलं.

पदकांना न विचारता हात लावायचा नाही. कार्यक्रम असेल तर फटाके नकोतच, अचानक झालेल्या मोठ्या आवाजाने काहींना फार त्रास होतो. पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबलं; ब्रिटनमध्ये १९१९ पासून त्या दिवशी २ मिनिटं स्तब्ध उभं राहतात. मला तर भाषणांपेक्षा ती शांतता जास्त भिडते.

आभार मानताना नेमकं बोल: "इतकी वर्षं घरापासून लांब राहिलात, त्याबद्दल मनापासून आभार." त्यांच्या पत्नीलाही हेच सांग, मागे घर तिनेच सांभाळलेलं असतं. पेन्शनचा अर्ज, दवाखान्याची फेरी अडली असेल तर सोबत जा. आणि महिन्याभराने आठवणीने फोन कर.