सगळं पार पडलं, मग आत्ताच का धडधडतं?

‘मावशी, सांगायला लाज वाटते, पण कुणाला तरी सांगायलाच हवं. गोव्यात साखळी गावाजवळ राहते, वय ४७. आमचा ट्रक होता. खाणी बंद पडल्या आणि तो अंगणात उभा राहिला, हप्ते मात्र चालूच. मग ह्यांनी मिळेल ते काम धरलं. पुढे सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, चौदा महिने त्यांचं सगळं अंथरुणातच. त्या गेल्या. मुलगा बोटीवर लागला. सासूबाईंचं वर्ष झालं आणि एप्रिलात मुलीचं लग्न केलं. चवथही छान झाली. पाचव्या दिवशी गणपती पोचवले, दुसऱ्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीवर बांधलेली फळांची आरास, सोडताना हातातून एक नारळ निसटला आणि मी अर्धा तास रडत बसले. नारळासाठी! त्यानंतर पंधरा दिवसांनी पणजीला जाताना बाणस्तारीच्या पुलावर बस अडकली आणि छातीत असं धडधडायला लागलं की वाटलं, आता मरते. बोटांना मुंग्या, घसा कोरडा. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. तेव्हापासून बसमध्ये पाय ठेवलेला नाही. पहाटे साडेतीनला जाग येते. पदेराचा, पाववाल्याचा, भोंपू वाजला तरी दचकते. आता तर मला काही काम नाही, मग आत्ताच का? मी वेडी होतेय का? शेजारीण तिच्या झोपेच्या गोळीतली अर्धी देते, ती घेऊ का? सगळे म्हणतात रिलॅक्स हो. कसं व्हायचं, ते कुणी सांगत नाही.’

अगं, मावशी म्हटलंस, तेव्हा मी तुला अगंतुगंच करते.

आधी एक ऐक. तू वेडी होत नाहीयेस. बाणस्तारीच्या पुलावर तुला जे झालं त्याची सगळी लक्षणं पॅनिक अटॅकची आहेत. तो साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. त्या दहा मिनिटांत मरणच समोर दिसतं हे खरं, पण त्याने कुणी मरत नाही. बोटांना मुंग्या का आल्या, माहीत आहे? घाबरल्यावर आपण भराभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो आणि बोटांत, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. म्हणजे मुंग्या श्वासामुळे आल्या, हृदयामुळे नव्हे. नुसतं एवढं कळलं तरी पुढच्या वेळी निम्मी भीती कमी होते.

आता तुझा खरा प्रश्न, आत्ताच का?

माझं माहेर दिवाडीचं. आमच्या खाजन शेताला, म्हणजे नदीकाठच्या सखल शेताला, बांध आणि बांधाला मानस. तुला ठाऊकच असेल, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. मानस म्हणजे बांधातली लाकडी दारं. नदीला भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतलं साचलेलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. दिवसातून दोनदा, कुणी हात न लावता. पण दारात एखादा ओंडका अडकला की भरतीला खारं पाणी आत येतं आणि ओहोटीला आतलं बाहेर जात नाही. लगेच काही दिसत नाही. शेत हिरवंच असतं. मग एके दिवशी एखादी सर येते आणि बांध फुटतो. माझे वडील म्हणायचे, लोक त्या सरीला शिव्या घालतात, ओंडका कुणी बघत नाही.

तुझा नारळ म्हणजे ती सर. तू अर्धा तास रडलीस ते नारळासाठी नाही गं.

अमेरिकेत थॉमस होम्स आणि रिचर्ड राही या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी केली आणि प्रत्येक घटनेला गुण दिले. कुठल्या घटनेनंतर माणसाला किती जुळवून घ्यावं लागतं, त्याचे ते गुण. जोडीदाराचा मृत्यू १००. जवळच्या नातलगाचा मृत्यू ६३. घरातल्या कुणाचं आजारपण ४४. पैशाची परिस्थिती बदलणं ३८. मुलगा किंवा मुलगी घर सोडून जाणं २९. मला सगळ्यात पटलं ते असं, की त्यांनी आनंदाच्या गोष्टीही धरल्या आहेत. स्वतःच्या लग्नाला ५० गुण आहेत, नाताळालासुद्धा १२. मी वही घेऊन तुझी बेरीज केली. सासूबाईंचं आजारपण, त्यांचं जाणं, ट्रकचं उत्पन्न थांबणं, मुलगा बोटीवर, मुलगी सासरी, आणि नाताळाच्या जागी तुझी चवथ. २१५ झाले. ती यादी एका वर्षापुरती असते आणि तुझ्या गोष्टी अनेक वर्षांत पसरल्या आहेत, तेव्हा हा आकडा म्हणजे रोगाचं निदान समजू नकोस. मला फक्त तुला दाखवायचं होतं की ‘मला झालंय काय’ याचं उत्तर ‘काही नाही’ असं नाही.

आणि खाणी सुरू व्हायची वाट बघण्याचं तर मी अजून धरलंच नाही. २०१२ साली त्या बंद पडल्या, मग थोड्या सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली, साखळी, सत्तरी, सांग्यात किती अंगणांत ट्रक गंजले ते मी पाहिलंय. संपलेल्या गोष्टीचा निदान शोक करता येतो. आज सुरू होईल, उद्या सुरू होईल म्हणत वाट बघण्यात मान कायम ताठ राहते.

संकट आलं की मेंदू घंटा वाजवतो, अंगात अ‍ॅड्रेनलिन येतं, छाती धडधडते, स्नायू आवळतात. मागोमाग कॉर्टिसोल येतं, ते रेटा टिकवून धरतं. हे सगळं पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी. पळून झालं की शरीराने पूर्ववत व्हायचं. तू चौदा महिने रात्री तीनदा उठून सासूबाईंची कूस बदललीस. तुझ्या शरीराला पूर्ववत व्हायला वेळच मिळाला नाही, मग ते त्याच सवयीने राहू लागलं. घंटा इतकी हळवी झाली की पदेराचा भोंपूही तिला पुरतो. पहाटेच्या सुमाराला कॉर्टिसोल तसंही चढायला लागतं, त्यात कान जागे राहिलेले. साडेतीनला तुला दुसरं काय होणार?

हातात काम होतं तोवर तू उभी होतीस. काम संपलं, घर रिकामं झालं, तेव्हा शरीराला हिशेब मांडायला सवड मिळाली. असं पुष्कळ जणींचं होतं. माझं स्वतःचं झालं होतं, आईचं आजारपण निस्तरल्यावर तीन महिन्यांनी, म्हापशाच्या बाजारात, मिरच्या निवडताना.

आता रिलॅक्स कसं व्हायचं ते सांगते. तुझं म्हणणं खरं आहे, हे कुणी सांगत नाही. जणू बटण आहे आणि तूच ते दाबत नाहीस.

शरीराकडून सुरुवात कर, मनाला समजावत बसू नकोस. एडमंड जेकबसन नावाच्या डॉक्टरांनी शंभरेक वर्षांपूर्वी एक साधी गोष्ट हेरली. ताणलेला स्नायू आपल्याला जाणवत नाही, कारण त्याची सवय झालेली असते. म्हणून आधी तो मुद्दाम जास्त ताणायचा आणि मग सोडायचा, म्हणजे फरक कळतो. रात्री अंथरुणावर पड. उजवी मूठ घट्ट आवळ, मनात पाच आकडे मोज, सोड. सोडल्यावर घाई करू नकोस, वीस आकडे नुसती पडून राहा आणि हात कसा जड होतो ते बघ. मग डावी. मग खांदे कानापर्यंत उचल, सोड. दात आवळ, सोड. कपाळ, पोट, मांड्या, तळपाय. जबड्यापाशी आलीस की तुला कळेल तू तो दिवसभर किती आवळून धरतेस. मला कळलं तेव्हा रडू आलं होतं. आलं तर येऊ दे. पहिल्या आठवड्यात काहीच घडत नाहीये असं वाटेल. तीन आठवडे दे.

दुसरं श्वासाचं. ‘खोल श्वास घे’ असं सगळे सांगतात आणि घाबरलेलं माणूस भराभर खोल श्वास घेऊन आणखी गरगरतं. तू घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष दे. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, नाकाने, अगदी हलके. मिनिटाला सहा श्वास होतात. सावकाश सोडलेल्या श्वासाने हृदयाचा वेग उतरतो. सकाळी तुळशीला पाणी घातलंस की तिथेच सोप्यावर बसून पाच मिनिटं रोज कर. बरं वाटत असतानाच करायचं. पोहायला कुणी पुरात शिकत नाही.

दिवसाला पाच-सहा कप चहा होत असेल, तर दुपारनंतरचा बंद. कॅफिनचा निम्मा अंमल पाच-एक तासांनीही उरलेला असतो आणि तुझी झोप आधीच कच्ची आहे. संध्याकाळी उन्हं उतरली की अर्धा तास चाल, शेताच्या बाजूने.

पुढचं तुला आवडणार नाही. बस टाळू नकोस. न चढल्याने आज सुटका वाटते, पण तुझ्या घंटेला पक्कं कळतं की बस म्हणजे धोका. आज बस टाळशील, उद्या बाजार, परवा देवळातली गर्दी. मात्र एकदम पणजीला जाऊ नकोस. पहिल्या आठवड्यात यजमानांबरोबर आमोण्यापर्यंत जा आणि परत ये. मग एकटी. मग मार्शेल. धडधड सुरू झाली तर उतरू नकोस. ओहोटी लागेपर्यंत बसून राहा. ती लागतेच.

शेजारणीची अर्धी गोळी घेऊ नकोस. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिली तर गोष्ट वेगळी, आणि ती सुरू झाली तर त्यांना न विचारता एकदम बंदही करायची नाही.

ईसीजी झाला, चांगलं झालं. पण थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. दोन्हींच्या बिघाडात अशीच धडधड होते आणि तुझ्या वयात पाळी जायच्या सुमारासही होते. चालताना किंवा चढ चढताना छातीत दाबल्यासारखं झालं, कळ हातात, जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, तर टेन्शन म्हणत थांबू नका, १०८ ला फोन करा.

महिनाभरात उतार पडला नाही, तर बोलायला माणूस हवं. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीतून बोलता येतं. बांबोळीला सरकारी मनोविकार संस्था आहे, तिची ओपीडी आहे. तिथल्या रांगेत ओळखीचं कुणी भेटेल अशी भीती वाटेल. भेटलं तर तेही त्याच कामाला आलेलं असेल. आपल्या गोव्यातच, सरकारी आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी चिंता आणि उदासीनतेच्या रुग्णांना कशी मदत होते यावर मोठा अभ्यास झाला. २०१० साली तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. समजून सांगणारं, धीर देणारं, पुन्हा बोलावणारं माणूस आणि गरज पडली तर डॉक्टरांचं औषध, असं दोन्ही मिळाल्याने सरकारी केंद्रांतले जास्त लोक बरे झाले. त्या अभ्यासाचं नाव मानस. वाचलं तेव्हा माझ्यासमोर वडिलांच्या बांधावरची ती लाकडी दारंच आली.

एक गोष्ट श्वासाने सुटणार नाही, ते मला माहीत आहे. हप्ते. त्यासाठी दोघांनी एका संध्याकाळी कागद घेऊन बसा. किती उरलंय, कुणाचं, महिन्याला किती जमेल. तू पत्रात यजमानांबद्दल एकच वाक्य लिहिलंस, मिळेल ते काम धरलं. ट्रकचा मालक असलेल्या माणसाने मिळेल ते काम धरलं. त्यांचीही दारं कधीपासून अडकलेली असतील गं. तुझं पत्र त्यांना वाचून दाखव, मला लिहिलंस तसंच, नारळासकट.

आणि मार्शेलचं तिकीट काढलंस की मला कळव. मी वाट बघतेय.

तुझी,
मावशी