ट्यूबलाइटचे पट्टे आणि जवारीचा आवाज

प्रश्न : आमच्या घरात तानपुरे आणि सतारी बनवतात. अब्बांचं वय झालंय, म्हणून भोपळा कापण्यापासून जवारी लावण्यापर्यंत, म्हणजे घोडी घासून तारेला गुंजन आणण्यापर्यंत, त्यांचं सगळं काम टिपून ठेवायचं ठरवलं आणि मिररलेस कॅमेरा घेतला. बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, लेन्स १८-५० एफ २.८. पण व्हिडिओत काळे पट्टे सरकत राहतात आणि चित्र हलतं. त्याच दिवशी मधेमधे काढलेले फोटोही पुसट आले. दुकानदार म्हणतो गिंबल (कॅमेरा हलू न देणारी मोटरची दांडी) घ्या. घेऊ का?
— एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर : गिंबल राहू द्या. त्या पैशातून एक माइक घ्या, कशाला ते पुढे सांगतो.

आधी पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. साधी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, सेन्सरला कळतं, कारण तो चित्र एकदम उचलत नाही, ओळीओळीने वाचतो. काही ओळी उजेडात वाचल्या जातात, काही अंधारात. झाले पट्टे. तुमचा व्हिडिओ बहुधा सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) आणि १/६० शटरवर आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा साठावा भाग उजेड मिळतो. ते अमेरिकेच्या ६० हर्ट्झसाठी ठीक, मिरजेच्या कारखान्यात नाही. मेनूत एनटीएससीऐवजी पाल (५० हर्ट्झच्या देशांची व्हिडिओ पद्धत) निवडा, २५ फ्रेम ठेवा आणि शटर १/५०. म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला ट्यूबचे बरोबर दोन ठोके येतात, ना कमी ना जास्त. काही कॅमेरे हा बदल करताना कार्ड फॉरमॅट करायला लावतात, तेव्हा आधीचं सगळं उतरवून घ्या. एखाद्या स्वस्त एलइडी बल्बचे पट्टे १/५०लाही गेले नाहीत, तर बल्बच बदला. कॅमेऱ्याशी झगडत बसू नका.

हे मी शहाणपणाने शिकलेलो नाही. पहिला मिररलेस घेतला त्या वर्षी विट्याकडच्या एका लग्नात सगळ्या अक्षता १/६०वर घेतल्या. कार्यालयात जुन्या ट्यूबच्या दोन रांगा. घरी येऊन बघतो तर नवरीच्या चेहऱ्यावरून पट्टे चाललेत, वरून खाली, संथपणे. मुलीच्या वडिलांनी पैसे पूर्ण दिले आणि तेवढं एकच वाक्य बोलले, "आमच्यात लाइट जरा कमी होती का हो?" त्या वाक्याची लाज अजून वाटते.

आता पुसट फोटो. व्हिडिओसाठी १/५० ठेवलंत, मधेच फोटो काढावासा वाटला, शटर तिथेच राहिलं. कानस चालवणारा हात १/५०त धूसरच येणार. व्हिडिओत तोच धूसरपणा हवा असतो, त्याने हालचाल सलग दिसते; १/५००ला घेतलेला हात झटके खात चालल्यासारखा दिसतो. फोटोत मात्र हात थिजवायला १/२५० तरी लागतं. एकाच वस्तूकडून दोन उलट मागण्या आहेत, म्हणून मी कॅमेरा उचलण्याआधी ठरवतो : ही पंधरा मिनिटं व्हिडिओची, पुढची पंधरा फोटोची. दोन्ही एका वेळी करणाऱ्याला दोन्ही अर्धवट मिळतात. तुमच्या कॅमेऱ्याच्या डायलवर १ आणि २ असे कस्टम मोड असतील, तर एकावर व्हिडिओची मांडणी बसवा, दुसऱ्यावर फोटोची. मग बोटाने नुसतं फिरवायचं.

आणखी एक. अब्बांना खटखट नको म्हणून तुम्ही सायलेंट (बिनआवाजाचं, इलेक्ट्रॉनिक) शटर लावत असाल. तेही ओळीओळीनेच वाचतं, म्हणून ट्यूबखाली फोटोतसुद्धा पट्टे देतं. तिथे यांत्रिक शटरच वापरा. पण यांत्रिक शटरने १/२५० घेतलं तरी एक फोटो उजळ, पुढचा मंद असं होईल, कारण आता ट्यूबचा कुठला ठोका सापडेल याचा नेम नाही. मेनूत अँटी-फ्लिकर (ट्यूब उजळते तोच क्षण पकडणारी सोय) असेल तर चालू करा. त्याहून बरं म्हणजे सकाळी ट्यूब बंद करून अब्बांना खिडकीपाशी बसवा. भोपळ्याच्या गोलाईवर एका बाजूने उजेड पडला की पॉलिश न केलेल्या सालीवरचे बारीक ठिपकेसुद्धा दिसतात. वरच्या ट्यूबने सगळं सपाट होतं.

हलण्याचं बघू. स्टॅबिलायझेशन हाताची बारीक थरथर खातं, पावलांचा हेलकावा खात नाही. तेव्हा चालू नका. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घालून कॅमेरा पुढे ढकला, पट्टा ताठ होऊ द्या. कोपर बरगड्यांना टेकवा. स्क्रीनकडे न बघता डोळा व्ह्यूफाइंडरला लावा, म्हणजे कपाळाचा तिसरा आधार मिळतो. लेन्स १८लाच, म्हणजे सगळ्यात रुंद दिसतं तिथेच ठेवा, जवळचं हवं तर स्वतः जवळ सरका, झूम नको. आणि प्रत्येक शॉट मनात दहा मोजेपर्यंत. नवखा माणूस तीन सेकंदांत कंटाळून कॅमेरा दुसरीकडे वळवतो, मग एडिटिंगला हातात काहीच येत नाही. अब्बांचे हात हलतायत ना, मग तुम्ही हलायचं कारण नाही.

आता माइक. काही वर्षांपूर्वी मी मिरजेत एका कारागिराकडे जवारी लावताना बघत होतो. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानशीचे दोन हात मारायचे, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा दोन हात. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवत न्यायचा. दोरा एका जागी आला की मघाची बोथट तार एकदम गुंजायला लागते. मी कॅमेरा लावून बसलो होतो, तर ते म्हणाले, "फ्यान बंद करा की हो, जवारी ऐकू येत न्हाई." घरी आल्यावर कळलं, कॅमेऱ्याच्या माइकलाही ऐकू आली नव्हती. पंखा बंद केला तेव्हा त्यात लेन्सच्या मोटरची कुरकुर आलेली. तुमच्या विषयात चित्राइतकाच आवाज महत्त्वाचा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. ते कशाला मिळालं ते या आवाजातच आहे. कॅमेऱ्याला माइकचं भोक असेल तर छोटा माइक वाद्यापासून हातभर अंतरावर ठेवा. भोक नसेल तर मोबाइलवर वेगळं रेकॉर्ड करा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, जुळवायला सोपं जातं.

प्रश्न : तासगावच्या गणपतीच्या रथाच्या वेळी गर्दीत हातात धरून व्हिडिओ घेतो. उन्हात १/५० ठेवलं की सगळं पांढरं होतं. शिवाय गुलाल.
— एक शिक्षक, तासगाव

उत्तर : तुमचं बरोबर आहे, सर. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ १६ला सुमारे १/१०० शटर लागतं. एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं, आणि एक स्टॉप जास्त म्हणजे दुप्पट उजेड. म्हणजे १/५०ला एफ १६सुद्धा एक स्टॉप जास्त, आणि एफ २.८ ठेवलंत तर सहा स्टॉप जास्त. लेन्सला एनडी फिल्टर लावा, काळा चष्माच तो. एनडी ६४ म्हणजे बरोबर सहा स्टॉप. पण भाद्रपदात ऊन-ढग लपंडाव खेळतात, म्हणून फिरवता येणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा. शेवटपर्यंत फिरवलात की आकाशात काळी फुली उमटते, तेव्हा दोन खुणा अलीकडेच थांबा.

रथासोबत चालायचंच असेल तर गुडघे किंचित वाकवून, डोक्यावर घागर घेतलेल्या बाईसारखं चाला. मी मात्र एका ओट्यावर उभा राहतो आणि रथ माझ्याकडे येऊ देतो. दोरखंड ओढणाऱ्यांचे हात आधी येतात, रथ मागून. चालत राहिलो असतो तर हे सापडलं नसतं.

गुलालात लेन्स बदलायची नाही, कितीही मोह झाला तरी. मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नसतो आणि बऱ्याच बॉडीत लेन्स काढली की तो उघडाच पडतो. घरी आल्यावर आधी फुंकणी, मग कापड. ओल्या फडक्याने गुलाल पुसलात तर तो बटणांच्या फटीत जाऊन बसेल आणि पुढच्या चतुर्थीपर्यंत निघणार नाही.

प्रश्न : ४के व्हिडिओ घेऊन त्यातूनच फोटो काढले तर वेगळे फोटो काढायची कटकट वाचेल ना? कास पठारावर फुलांचं करून बघितलं, नीट जमलं नाही.
— एक वाचक, सातारा

उत्तर : ४केची एक फ्रेम ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल. मोबाइलवर पाठवायला, अगदी सहा-आठ इंची प्रिंटलाही चालेल. अडचण पिक्सेलची नाही, शटरची. पठारावर वारा थांबत नाही, १/५०ला फूल डोलताना पुसट येतं आणि त्या फ्रेमला नंतर काही करता येत नाही. फ्रेमच काढायच्या असतील तर तेवढी क्लिप १/५००ला घ्या, आणि ती व्हिडिओ म्हणून दाखवू नका. नाहीतर सरळ फोटो मोड लावा, फोकस फुलावर ठेवा, शटरवर बोट ठेवून वाऱ्याच्या दोन झुळकांमधली फट येईपर्यंत थांबा. पायवाटेवरूनच बरं का. फुलांत बसून काढलेला फोटो मला पाठवू नका.