उत्तर : चिंचिलाच्या एकाच डोळ्यातून सारखं पाणी येत असेल तर आधी दाढांचा एक्स-रे

नमस्कार. तुमची पोस्ट थोडक्यात अशी : तीन वर्षांचा चिंचिला (ससा-गिनीपिगसारखा दाट मऊ केसांचा छोटा पाळीव प्राणी), डावा डोळा तीन आठवडे पाणावलेला, ड्रॉप्स चालू असेपर्यंत बरा आणि बंद केले की पुन्हा तेच. पेलेट्स (दाबून केलेला कोरडा खुराक) खातो, पण "गवत हल्ली उरतं". हे शेवटचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, मला मात्र सगळ्या पोस्टमध्ये तेच सर्वांत महत्त्वाचं वाटलं. अगदी याच फेऱ्यातून मी गेलो आहे म्हणून सविस्तर लिहितो. पिंजरा, पाणी, स्वच्छता हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. मी पशुवैद्य नाही. खाली औषधांची नावं येतील, ती डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. डोस वजनावर ठरतो आणि तो त्यांनीच ठरवायचा.

चिंचिलाचे वीसच्या वीस दात, दाढांसकट, आयुष्यभर वाढत राहतात. गवत चघळून ते झिजले नाहीत तर तोंडात जागा उरत नाही आणि मुळं उलट्या दिशेने सरकतात. खालच्या दाढांची मुळं जबड्याच्या हाडात खाली जातात, वरच्यांची डोळ्याच्या खोबणीकडे. डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी बारीक नळी या वरच्या मुळांच्या अगदी जवळून जाते. ती दाबली गेली की पाणी नाकाऐवजी गालावर उतरतं, केस सतत ओले राहतात, तिथे जंतू वाढतात. अँटिबायोटिक थेंबांनी तो वरवरचा संसर्ग आटोक्यात येतो, नळीवरचा दाब तसाच राहतो. तुमचं "बरा होतो, परत येतं" हे चक्र बहुधा इथूनच येतंय. दोन्ही डोळे एकदम लाल असते तर मी आधी धूळ, लघवीचा उग्र वास, धूप-उदबत्ती, मच्छर अगरबत्ती असलं काही शोधायला सांगितलं असतं. एकच डोळा, त्यातही पाणी पातळ आणि गवत नको, म्हटलं की माझ्या मते एक्स-रे होईपर्यंत संशय दाढांवरच ठेवावा.

घरी काय बघता येईल? खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट हलकेच फिरवा. कडा गुळगुळीत लागायला हवी, उंचवटे लागले तर ती मुळं असू शकतात. हनुवटी किंवा पुढचे पंजे लाळेने ओले आहेत का, गवताची काडी उचलून टाकून देतो का, लेंड्या बारीक झाल्यात का, हेही पाहा. पुढचे दात नारिंगी आणि सरळ दिसतात म्हणून दाढा ठीक आहेत असं समजू नका, पुढचे ठीक असले तरी दाढा बिघडलेल्या असू शकतात. आणि आजपासून रोज एकाच वेळी स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर वजन करून लिहून ठेवा. ५०० ग्रॅमचा प्राणी ४५० वर आला तर थांबायचं नाही.

आता एक्स-रे. जागेपणी तोंडात दुर्बीण घालून "दाढा छान आहेत" असं सांगितलं गेलं तर त्यावर विसंबू नका. चिंचिलाचं तोंड जेमतेम उघडतं, गालाची घडी मध्ये येते आणि मुळं तर तोंडातून दिसतच नाहीत. भूल देऊन कवटीचे एक्स-रे हवेत : एक सरळ बाजूने, दोन तिरके, एक वरून-खाली आणि जमल्यास एक समोरून. सीटी स्कॅनची सोय झाली तर उत्तमच. कुत्र्या-मांजरांच्या सवयीने "रात्रभर उपाशी ठेवा" असं सांगतात, ते इथे करू नका. चिंचिलाला उलटी होत नाही आणि पोट रिकामं राहिलं तर आतडी मंदावतात, तोच मोठा धोका. तोंडात चारा राहू नये एवढ्यापुरतं फार तर तासभर गवत काढायचं आणि शुद्धीवर आल्या आल्या परत द्यायचं.

ज्या चुकीची सगळ्यात जास्त किंमत मोजावी लागली, तिच्याबद्दल जरा जास्त लिहितो. एका क्लिनिकने (नाव देत नाही) माझ्या चिंचिलाच्या डोळ्याला रंग घालून तपासलं नाही, "साधं कंजंक्टिव्हायटिस (डोळे येणं) आहे" म्हणून थेंब बदलत राहिले, आणि त्यातली एक बाटली स्टेरॉइड मिसळलेली होती. बुबुळावर जखम असताना स्टेरॉइड पडलं की जखम भरणं थांबतं, जंतूंना मोकळं रान मिळतं, बुबुळ विरघळून आरपार भोकही पडू शकतं. त्यात फसवणूक अशी की लाली पहिल्या दोन दिवसांत उतरते आणि सगळ्यांना वाटतं गुण आला. पुढे डोळ्यात फूल पडतं ते कायमचं. विचारायला गेल्यावर "एवढ्याशा प्राण्याचं एवढं काय" हे ऐकावं लागलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. चिंचिलाचा डोळा मोठा, बाहेर आलेला, आणि तिसरी पापणी नावापुरतीच. चिंचिला पाण्याऐवजी बारीक भुकटीत लोळून अंघोळ करतो, त्या भुकटीचा कण किंवा गवताची काडी बुबुळ सहज खरवडते. म्हणून जखम आहे असं धरूनच सुरुवात व्हायला हवी.

तपासणी किती साधी आहे बघा. फ्लुओरेसीनची कागदी पट्टी सलाईनच्या थेंबाने ओली करून तो थेंब डोळ्यात सोडायचा, जादा रंग सलाईनने धुवायचा, खोलीत अंधार करून निळा प्रकाश पाडायचा. बुबुळावर हिरवा चमकता डाग दिसला की तिथलं आवरण गेलेलं आहे. या पट्ट्या माणसांच्या डोळ्यांसाठी वापरतात तशाच, डोळ्यांच्या दवाखान्याजवळच्या मेडिकलमध्ये विचारा. दवाखान्यात नसतील तर स्वतः घेऊन जा, कुणाला वाईट वाटलं तरी चालेल. काही मिनिटांनी त्या बाजूची नाकपुडीही बघायला सांगा. तिथे हिरवट रंग आला तर नळी उघडी आहे. नाही आला तर मात्र नळी बंदच आहे असं खात्रीने म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट. कागदाच्या पट्टीने अश्रू मोजण्याची शिर्मर चाचणी केली आणि १ मिमी आलं म्हणून "डोळा कोरडा आहे" असं निदान ऐकलंत तर मान्य करू नका. निरोगी कुत्र्यात मिनिटाला १५ मिमी किंवा जास्त येतं, चिंचिलात निरोगी डोळ्यातही साधारण १ मिमीच. त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

तुमच्या हातातल्या बाटलीवर घटक वाचा. नावाच्या शेवटी डी, डीएम, डेक्स असं काही असेल किंवा डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुओरोमेथोलोन यांपैकी काही लिहिलं असेल तर रंगाची तपासणी होईपर्यंत बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांना फोन करा. केटोरोलॅक या वेदनाशामकाचे थेंबही जखम भरणं लांबवतात. जखमेवर सहसा नुसतं अँटिबायोटिक देतात, ऑफ्लोक्सासिन ०.३ टक्के किंवा टोब्रामायसिन ०.३ टक्के, दिवसातून चार ते सहा वेळा. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. मलमापेक्षा मला थेंब बरे वाटतात, कारण मलम पंजाने पुसून तो चाटतो. पू येत असेल तर कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करून घ्या, चिंचिलात स्यूडोमोनास नावाचा जंतू सापडतो आणि तो बऱ्याच औषधांना दाद देत नाही. पोटातून अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, सेफॅलेक्सिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन कुणी लिहून दिलं तर तिथेच थांबवा. आतड्यातले चांगले जंतू मरून प्राणी काही दिवसांत जाऊ शकतो. एन्रोफ्लोक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा चालतं. दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम विचारा, घरातली माणसांची गोळी नको.

थेंब घालताना त्याला टॉवेलमध्ये गुंडाळा, छाती आवळू नका, केसांना धरू नका. घाबरला की मूठभर केस हातात सोडून पळतो. मागून हात आणून बाहेरच्या कोपऱ्यात एक थेंब, बाहेर आलेलं लगेच गॉझने टिपायचं. पुसायला ०.९ टक्के सलाईन आणि निर्जंतुक गॉझ. कापसाचे तंतू डोळ्यात राहतात. गुलाबपाणी, मध, त्रिफळ्याचं पाणी नको, आजी कितीही म्हणाली तरी.

भुकटीची अंघोळ डोळा पूर्ण बरा होईपर्यंत बंद. नंतर आठवड्यातून दोन-तीनदा, दहा मिनिटं, आणि भांडं लगेच बाहेर. टाल्कम पावडर किंवा वाळू हा पर्याय नाही. पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत केस चिकट होतात म्हणून रोज अंघोळ द्यावीशी वाटते, त्यापेक्षा एसी ड्राय मोडवर ठेवा, फक्त झोत पिंजऱ्यावर नको. याच दिवसांत डोळ्याभोवती केस जाऊन कोंडा दिसला तर ती गजकर्णाची बुरशी असू शकते. ती माणसांनाही लागते, हात धुवा आणि बुरशीचं कल्चर सांगा.

दाढाच निघाल्या तर खरं सांगतो, आत गेलेली मुळं परत येत नाहीत. भूल देऊन ड्रिलने दाढांची टोकं घासतात, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा. कटरने तोडू देऊ नका, दात उभा चिरतो. मध्ये वेदनाशामक, भरपूर गवत, आणि खाणं कमी पडलं तर पेलेट्स भिजवून वाटलेली पेस्ट सिरिंजने, ५०० ग्रॅमच्या प्राण्याला दिवसाला साधारण २५ ते ४० मिली, चार-पाच वेळांत. अशा काळजीने बरेच प्राणी चांगले दिवस काढतात, पण उशीर जितका कमी तितकं बरं.

अपॉइंटमेंट घेताना फोनवरच तीन प्रश्न विचारा : चिंचिला किंवा ससा-गिनीपिगला गॅसची भूल देता का, कवटीचे तिरके एक्स-रे काढता का, फ्लुओरेसीन आहे का. शहरात जमलं नाही तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून विचारून बघा. एप्रिल-मे असेल तर सकाळी आठच्या आत निघा, रिक्षाऐवजी एसी गाडी, पिंजऱ्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली गोठवलेली पाण्याची बाटली. २७ अंशांच्या वर उष्माघाताचा धोका असतो. डोळा मिटून घेतला, निळसर-पांढरा झाला किंवा बाहेर आल्यासारखा दिसला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी न्या.

एक्स-रे झाले की बाजूची प्लेट इथे टाका, नाव-नंबर झाकून. आणि बाटलीवरचे घटक मात्र आजच लिहा.