कुरआनच्या भाषांतरात सूरहचा, म्हणजे अध्यायाचा, विषय सारखा उड्या मारतो, मग आतली रचना कशी शोधायची?

तुम्ही लिहिलंय की अरबी येत नाही, मराठी भाषांतर सुरुवातीपासून वाचायला घेतलंय आणि दर पाच-दहा आयतींनी (वचनांनी) विषय बदलतो. म्हणजे तुम्ही दुसऱ्या सूरहमध्ये, अल-बकरामध्ये, अडकला आहात. बहुतेक जण तिथेच अडकतात. २८६ आयतींची ती सूरह तूर्त बाजूला ठेवा आणि १२ वी सूरह, यूसुफ, एका बैठकीत वाचून काढा. १११ आयती, एकच गोष्ट.

एका बैठकीत का, ते सांगतो. लहानपणी आम्ही सिपाऱ्यांच्या हिशेबाने पढायचो. बारावा सिपारा संपला की किताब बंद. पुढे अर्थासकट वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की तेरावा सिपारा यूसुफच्या ५३ व्या आयतीपासून सुरू होतो, आणि तिथे तर कुणाचं तरी बोलणं चालू आहे! सिपारे हे लांबी बघून पाडलेले ३० भाग, अर्थाशी त्यांचं देणंघेणं नाही. आपल्याकडे छापलेल्या प्रतींत समासात ऐन अक्षर दिसतं, ती रुकूची, म्हणजे परिच्छेदासारख्या छोट्या भागाची, खूण. रुकू बराचसा विषय बघून पाडलेला असतो, तेव्हा त्याच्या आधाराने चला.

आता पेन्सिल घ्या आणि फक्त सदऱ्याचा माग काढा. अरबी शब्द क़मीस. आपला खमीस त्याच घरातला. १८ व्या आयतीत भाऊ सदऱ्याला खोटं रक्त लावून बापापुढे आणतात. २५ ते २८ मध्ये सदरा मागून फाटलेला निघतो आणि यूसुफ निर्दोष ठरतो. ९३ मध्ये यूसुफ स्वतःचा सदरा बापाकडे पाठवतो, ९६ मध्ये तो चेहऱ्यावर टाकताच बापाची, म्हणजे याकूबची, दृष्टी परत येते. खोटा पुरावा, खरा पुरावा, मग औषध. यासाठी अरबीची गरज पडली का?

दुसऱ्या वाचनात गाठी बघा. आधी स्वप्न, मग भावांचा कट, मग अज़ीज़च्या (मिसरच्या बड्या अधिकाऱ्याच्या) बायकोने घेतलेलं बालंट, मग तुरुंग. सुटताना शेवटची गाठ आधी सुटते: राजाच्या स्वप्नामुळे तुरुंगाचं दार उघडायची वेळ येते, त्याच ओघात ती बाई कबुली देते (५१), मग भाऊ खजील होतात, आणि अगदी शेवटी, १०० व्या आयतीत, चौथ्या आयतीतलं स्वप्न खरं होतं.

सूरहच्या अशा आतल्या रचनेला नज़्म म्हणतात. आझमगडकडचे हमीदुद्दीन फ़राही (१८६३–१९३०) यांचं म्हणणं असं की प्रत्येक सूरहला एक मध्यवर्ती विषय असतो, त्याला ते अमूद, म्हणजे खांब, म्हणत. त्यांचे शिष्य अमीन अहसन इस्लाही यांनी याच धाग्याने अख्ख्या कुरआनचा उर्दू तफ़सीर, म्हणजे भाष्य, लिहिला. पण तो लगेच उघडू नका. दुसऱ्याने दाखवलेला खांब एकदा दिसला की मग तोच दिसत राहतो.

एक सावधगिरी. 'अमुक आयत बरोबर मध्यावर येते, बघा चमत्कार' असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. आयती मोजण्याच्या जुन्या परंपरा एकाहून जास्त आहेत आणि त्यांच्यात थोडाफार फरक पडतो, त्यामुळे निव्वळ आकड्यांवर इमला बांधू नये. शब्द आणि प्रसंग जुळतात का, ते बघा.

मग परत अल-बकरात या आणि थेट २३८ वी आयत काढा. मागेपुढे तलाक, मेहर, विधवांचा खर्च, आणि मध्येच 'नमाज सांभाळा'. ही उडी मलाही वर्षानुवर्षं खटकायची. एकदा तिच्या आधीच्या आयतीचा शेवट नीट वाचला: एकमेकांशी उदारपणे वागायला विसरू नका. मोडत्या संसारात, पैशाची वाटणी चालू असताना, दोघांनाही उठवून आधी नमाजीला उभं केलंय, असं मी तेव्हापासून वाचतो. तुम्हाला दुसरं काही दिसलं तर इथेच खाली लिहा.