‘लार्माता ब्रांकालेओने’ : विडंबन, प्रहसन की विडंबना?

मारिओ मोनिचेल्ली यांचा ‘लार्माता ब्रांकालेओने’ (‘ब्रांकालेओनेची फौज’, १९६६) हा इटालियन चित्रपट मध्ययुगीन शूर सरदारांच्या कथांची टर उडवतो. त्याला मराठीत काय म्हणावं, असा प्रश्न आला आहे. प्रहसन, विडंबन की ‘विडंबना’?

विडंबनच म्हणावं. प्रहसनाला पात्रांची फजिती पुरते, विडंबनाला मात्र आधीचं काहीतरी लागतं. इथे ते एका विशिष्ट कथेऐवजी कथांचा अख्खा प्रकार आहे, म्हणून शंका आली असावी. पण अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’तलं विडंबनही एकेका कवितेपुरतं थांबत नाही, त्या काळच्या कवींच्या एकूण लकबींवर त्याचा रोख आहे.

संस्कृतात ‘विडम्ब्’चा अर्थ अनुकरण करणं असाही होतो. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात शरद ऋतू कमळाचं छत्र आणि काशफुलांच्या चवऱ्या घेऊन रघुराजाचं अनुकरण करतो, ‘ऋतुर्विडम्बयामास न पुनः प्राप तच्छ्रियम्’. राजाची शोभा काही त्याला लाभत नाही. इथे चेष्टा मुळीच नाही, पण आजच्या विडंबनाचं बीज मला या ओळीत स्पष्ट दिसतं : थाट सगळा मुळाचा, अंगी मात्र ते तेज नाही.

चित्रपटाचा नायक ब्रांकालेओने नेमका असाच. काही भुरट्यांच्या हाती आउरोकास्त्रो नावाच्या जहागिरीची सनद लागते. ती मिरवायला सरदार हवा, म्हणून ते या फटिंगाला पुढे करतात. सनदेचा फाटलेला तुकडा वाचायचा राहून गेलेला असतो आणि त्यातच खरी मेख असते : जहागीरदाराने सारासेन (म्हणजे अरब मुस्लिम) चाच्यांशी लढायचं आहे! ब्रांकालेओने झालेल्या वित्तोरिओ गास्मन यांच्या तोंडची भाषा तर खास घडवलेली आहे. पटकथाकार आजे, स्कार्पेल्ली आणि मोनिचेल्ली यांनी मोडकी लॅटिन, जुनी इटालियन आणि बोली यांची बेमालूम मिसळ केली. कानावर वीरकाव्याचा डौल पडतो आणि डोळ्यांसमोर भुकेकंगाल टोळकं चालत असतं. विडंबनाचा याहून चांगला नमुना मला सुचत नाही. इटालियनमध्ये आजही अशा विस्कळीत, धांदरट टोळीला ‘आर्माता ब्रांकालेओने’ म्हणतात.

‘विडंबना’ इथे नकोच. हिंदीत तिचा अर्थ दैवदुर्विलासाकडे झुकतो आणि तो अलीकडे आपल्या बातम्यांतही शिरला आहे. मराठीत रुळलेली ‘विटंबना’ म्हणजे अप्रतिष्ठा, ती पुतळ्याची होते. चित्रपटाबद्दल लिहिताना ‘वीरकथांचं विडंबन’ म्हणावं. एका शब्दात हवं असेल तर ‘विडंबनपट’ चालेल.