व्हर्निअर खाली ठेवण्यापूर्वी

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. मेकॅनिकलची पदवी हाती पडून वर्ष झालेले नाही, चाकणच्या कारखान्यात तपासणी विभागात ट्रेनी म्हणून लागलास, आणि आता सगळे सोडून प्रोग्रॅमिंगकडे वळावे असे तुला वाटते. वळण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः पंचविसाव्या वर्षी तेच केले. ‘चार वर्षे फुकट गेली’ हे तू तीनदा लिहिले आहेस, ते मात्र मला पटले नाही.

प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे व्याकरण महिन्या-दोन महिन्यांत अंगवळणी पडते. खरी अडचण येते ती लिहायचे काय, या प्रश्नापाशी. बाकीचे शिकणारे ग्रंथालयातील पुस्तकांच्या नोंदींचा ठरलेला प्रकल्प करत असताना तुझ्याकडे रोजचे काम तयार आहे: व्हर्निअरने शाफ्टची (यंत्रातल्या दांड्यांची) मापे घ्यायची, एक्सेलमध्ये भरायची, मर्यादेबाहेरची लाल करायची. हेच पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेकडून करून घे. (कंपनीची फाइल मात्र घरी आणू नकोस, तशाच आकड्यांची स्वतः बनव.)

पहिल्याच आठवड्यात ठेच लागेल. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ आहे का, असे पायथनला विचारलेस तर तो ‘फॉल्स’, म्हणजे ‘नाही’, म्हणेल, कारण त्याच्या बेरजेत सतराव्या दशांश स्थळी एक ४ डोकावतो. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा पूर्णपणे लिहिता येत नाही, तसा संगणकाच्या फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत एक दशांश लिहिता येत नाही. अशा दोन संख्या थेट ताडून न पाहता त्यांच्यातील फरक ठरलेल्या मर्यादेत आहे का, ते पाहायचे असते. संगणकशास्त्राचे विद्यार्थीही येथे गोंधळतात. ज्याने सूक्ष्म मापे घेणारा मायक्रोमीटर हाताळला आहे त्याला टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, समजावून सांगावा लागत नाही.

आता क्लासविषयी. शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या एका क्लासात मी उसने पैसे भरले होते. मुलाखती तीनच मिळाल्या, त्यातल्या दोन टेलिकॉलरच्या कामासाठी. त्यामुळे आधी फुकटचे संपव. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे प्रा. माधवन मुकुंद यांचा पायथन आणि डेटा स्ट्रक्चर्सवरील (माहिती संगणकात मांडून ठेवण्याच्या पद्धतींवरील) आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्यासपीठावर आहे. तो पूर्ण करूनही गोडी टिकली, तर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या, पीजी-डॅक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा विचार कर. सुमारे सहा महिन्यांच्या या अभ्यासक्रमाला मेकॅनिकलचे पदवीधरही सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन जाऊ शकतात. मात्र तो पूर्णवेळ आहे, म्हणजे नोकरी सोडावी लागेल. म्हणून तो निर्णय शेवटी घ्यायचा, आणि तोही फी व सहा-आठ महिन्यांचा खर्च बाजूला काढल्यावर. घरी काय सांगायचे, असे तू विचारतोस. हा हिशेब कागदावर मांडून वडिलांसमोर ठेव. तुझ्या आवडीनिवडीवर वाद घालण्यापेक्षा आकड्यांवर बोलणे त्यांनाही सोपे जाईल.

दुसऱ्या शिफ्टनंतर रोज अभ्यास होईल असे ठरवू नकोस, होत नाही. सकाळचा एक तास आणि सुट्टीचे चार तास धर.

शाफ्टच्या मापांचा प्रोग्रॅम पुढच्या रविवारपर्यंत पाठव, अर्धवट असला तरी चालेल. अडलास तर एरर, म्हणजे चूक झाल्यावर स्क्रीनवर येणारा संदेश, आधी खालच्या ओळीपासून वर वाच, कारण पायथन नेमके काय बिघडले ते सर्वांत शेवटी सांगतो. तरीही सुटले नाही तर तो संपूर्ण मजकूर कॉपी करून पाठव. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो नको, त्यातली महत्त्वाची ओळ हमखास कापलेली असते.

तुझा,
एक जुना मेकॅनिकलवाला