वृद्धाश्रमात हेळसांड झाली, तर दाद कुठे मागायची?

प्रश्न : आई अंथरुणाला खिळलेली आहे, खासगी वृद्धाश्रमात असते. कमरेखाली खोल जखम झाली आहे. ‘वयामुळे होतं’ असे संचालक सांगतात.

वयाने कातडी नाजूक होते हे खरे, पण अशी जखम, म्हणजे बेडसोअर, होते ती एकाच जागी दाब पडत राहिल्याने. साधारण दर २ तासांनी कूस बदलणे ही किमान काळजी आहे. आजच जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि बाहेरच्या डॉक्टरांना दाखवा. केसपेपरवर जखमेची जागा, आकार आणि ग्रेड (जखम किती गंभीर आहे तो टप्पा) लिहून घ्या. त्याच दिवशी आश्रमाकडे कूस बदलल्याच्या नोंदींची प्रत लेखी मागा, अर्जावर पोच घ्या. उशीर केलात, तर रिकामे रकाने मागाहून भरले जाण्याची भीती असते.

पैसे घेऊन केलेली हेळसांड ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करा. आश्रमाला भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. पावती मात्र हवीच. रोख देऊन पावती न घेतलेल्यांची बाजू इथेच लंगडी पडते. पूर्णपणे मोफत आश्रमाविरुद्ध हा मार्ग सहसा चालत नाही.

प्रश्न : वडिलांना खाटेला बांधतात, मारतातही. पोलीस ‘आमची हद्द नाही’ म्हणतात.

हद्दीची सबब चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, एफआयआरची प्रतही मोफत मिळते. नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तरीही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जा.

तक्रारीचे शब्द जपून लिहा. नुसती ‘मारहाण’ लिहिली, की ती साधी दुखापत धरून एनसीवर, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नुसत्या नोंदीवर, बोळवण होते. बांधून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७(२) खालचा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे त्यात न्यायालयाच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता येतो. म्हणून ते आधी लिहा : कोणी, कशाने, किती वेळ बांधले. हाड मोडले असेल, तर जबर दुखापतीचे ११७(२) लागते, एक्स-रे जोडा.

प्रश्न : भावाने आईचे घर बक्षीसपत्राने घेतले, तिला आश्रमात सोडले आणि आता फी बंद केली.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली आईच्या सहीने प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करा. तिने अधिकार दिल्यास तुम्हीही करू शकता. निर्वाहभत्ता मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर घर दिले असेल, तर कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. अट लेखी नसेल, तर ती सिद्ध करणे अवघड जाते. अर्जाला मदत हवी असल्यास १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन मोफत आहे.